आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेलाय: ऑपरेशन होतं का, कधी, आणि आधी कुठलं?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील 61 वर्षांचे. वर्षभर शौचातून अधूनमधून रक्त जायचं, मुळव्याध समजून घरच्या घरी औषध चाललं. हिमोग्लोबिन 7.8 आल्यावर दुर्बीण घातली, तेव्हा मोठ्या आतड्याच्या डाव्या, खालच्या भागात म्हणजे सिग्मॉइडमध्ये गाठ मिळाली. सीटी स्कॅनमध्ये लिव्हरमध्येही चार गाठी दिसल्या: तीन उजवीकडे, त्यातली मोठी साडेचार सेंटिमीटरची, आणि एक दीड सेंटिमीटरची डावीकडे. फुप्फुसं स्वच्छ. रक्तातला सीईए, म्हणजे या कॅन्सरमध्ये वाढणारं एक प्रथिन, 86. साखर आहे, गोळ्या चालू. काजूच्या हंगामात उर्राक, एरवी फेणी, “रोज नाही, पण जवळजवळ रोज.” एका डॉक्टरांनी सांगितलं की ही चौथी स्टेज, केमो देत राहायची, जातील तेवढे दिवस. मुंबईच्या मावसभावाने सांगितलं की लिव्हरचं ऑपरेशन होतं. काका म्हणतात सुरी लावू नका, लावली की पसरतं. ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: ऑपरेशन शक्य आहे का, आधी आतड्याचं की लिव्हरचं, आणि गोव्यात करायचं की बाहेर जायचं.

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ऑपरेशनची शक्यता आहे. रुग्णाला न तपासता आणि स्कॅन डोळ्यांनी न पाहता याहून पुढे कुणी जाऊ नये, लिव्हरचा सर्जन असून मीही जाणार नाही. पण एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण तिला उशीर चालत नाही. केमोचं पहिलं सलाईन लागण्याआधी हा स्कॅन लिव्हरची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनला दाखवा. सहा महिने केमो झाल्यावर “आता बघा काही होतं का” म्हणून फाइल येते तेव्हा बरीचशी दारं बंद झालेली असतात. ती कशी बंद होतात ते पुढे सांगतो.

आधी त्या चौथ्या स्टेजबद्दल. जठराचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेला की सहसा ऑपरेशनचा उपयोग नसतो, कारण तोवर तो सगळीकडे पोचलेला असतो. आतड्याच्या कॅन्सरचं तसंच असेल असं धरून चालण्याची सवय अजून गेलेली नाही. मोठ्या आतड्यातलं अशुद्ध रक्त थेट हृदयाकडे जात नाही, ते पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये येतं. आतड्याच्या गाठीतून सुटलेल्या पेशी म्हणून पहिल्यांदा लिव्हरमध्ये अडकतात. बऱ्याच रुग्णांत आजार काही काळ तिथेच मुक्काम करतो, पुढे जात नाही. तो काळ म्हणजे आपली संधी. कागदावर स्टेज चौथीच राहते, पण त्या स्टेजमध्ये लिव्हरपुरता आजार असलेले आणि सर्वांगात पसरलेले असे दोन फार वेगळे गट एकत्र कोंबलेले आहेत.

आकडे विचारलेले नाहीत, तरी सांगतो, कारण घरात कुणीतरी रात्री मोबाईलवर शोधणारच. लिव्हरमधल्या सगळ्या गाठी पूर्ण निघाल्या तर पाच वर्षांनी शंभरातले साधारण चाळीस रुग्ण हयात असतात. पाचातल्या एकाला आपण बरा झाला असं म्हणू शकतो, म्हणजे दहा वर्षांनीही आजार परत आलेला नसतो. ऑपरेशन न करता नुसत्या केमोवर आजचं सरासरी आयुष्य दोन-अडीच वर्षांच्या आसपास जातं आणि पाच वर्षं गाठणारे थोडे. दुसरी बाजूही ऐका. ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना आजार पुन्हा डोकं वर काढतो, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. हे सगळे आकडे मोठ्या जमावाचे आहेत. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ते वरही असतील, खालीही.

आता गाठी चार आहेत त्याचं काय? 1980च्या दशकात तीनपेक्षा जास्त गाठी म्हणजे ऑपरेशन नाही, असा नियमच होता. गाठीभोवती एक सेंटिमीटर निरोगी लिव्हर निघालं पाहिजे, असाही होता. त्या काळात शिकलेल्यांच्या डोक्यात तो पक्का बसला आहे आणि तुम्हाला मिळालेल्या पहिल्या उत्तराचं मूळ बहुधा तिथे असावं. आज गाठी मोजून निर्णय होत नाही. कडेला एक मिलिमीटर निरोगी भाग मिळाला तरी चालतो. आज पहिला प्रश्न असतो, सगळ्या गाठी काढल्यावर मागे काय उरतं?

लिव्हर वरून एकसंध दिसतं, आतून तसं नाही. फ्रेंच शल्यवैद्य क्लोद क्विनो यांनी 1957 साली त्याची आठ भागांत मांडणी केली आणि तीच आम्ही रोज वापरतो. आपल्याकडच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जसं प्रत्येक वाफ्याला पाण्याचा आपला पाट येतो आणि जादा पाणी आपल्या वाटेने निघून जातं, तसं प्रत्येक भागाला रक्त आणणाऱ्या शाखा वेगळ्या, रक्त नेणारी शीर वेगळी, पित्ताची नळी वेगळी. त्यामुळे एक भाग काढला तरी शेजारचा जगतो. मागे निदान दोन लागून असलेले भाग राहिले पाहिजेत, त्यांचं येणारं रक्त, जाणारं रक्त आणि पित्ताची वाट शाबूत पाहिजे, आणि आकार पुरेसा पाहिजे. निरोगी लिव्हर असेल तर एकूण आकाराच्या 20 ते 25 टक्के उरलं तरी माणूस तगतो. बरीच केमो झालेली असेल तर 30 टक्के लागतात. सिऱ्हॉसिस, म्हणजे लिव्हर कायमचं कडक झालेलं असेल, तर 40.

वडिलांचं वजन तुम्ही 62 किलो लिहिलंय. अशा माणसाचं लिव्हर बाराशे मिलिलिटरच्या आसपास असतं. उजवी बाजू पूर्ण काढली तर डावीकडे ढोबळमानाने एक तृतीयांश, म्हणजे चारशे मिलिलिटर उरतं. त्यातून डावीकडची ती छोटी गाठ काढायची. वर साखर, वर फेणी. लिव्हर चरबीने भरलेलं असण्याची शक्यता चांगलीच आहे आणि चरबीचं लिव्हर कापताना जास्त रक्त सांडतं, नंतर सावकाश वाढतं. थोडक्यात, तुमच्या वडिलांचं गणित काठावरचं आहे. सीटीवरून रेडिओलॉजिस्ट हा आकार नेमका मोजून देतात. तो कागद मागून घ्या.

फेणीबद्दल मी कीर्तन करणार नाही. फक्त आजपासून बंद. “थोडी कमी” नाही, लग्नकार्याला नाही, चवथीला पाहुणे आले म्हणूनही नाही. जवळजवळ रोज घेणारा माणूस एकदम थांबला तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, भ्रम होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना खरं प्रमाण सांगून त्यांच्या देखरेखीत थांबवा. हे लपवलं तर ऑपरेशननंतर आयसीयूत दुसऱ्या रात्री बाबा नळ्या ओढायला लागतात आणि सगळे घाबरतात.

तपासण्यांत माझा आग्रह दोन-तीन गोष्टींचा. लिव्हरचा एमआरआय, आणि तो लिव्हरच्या पेशींत शिरणाऱ्या खास कॉन्ट्रास्टने, केमोच्या आधी. सीटीत चार दिसलेल्या गाठी एमआरआयमध्ये सहा निघतात किंवा एखादी नुसती रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ ठरते. दोन्हींनी बेत बदलतो. छातीचा सीटी झालेला आहे, उत्तम. पेट स्कॅन बाहेर कुठे आजार लपलेला नाही ना हे बघायला उपयोगी, पण साखर ताब्यात नसेल तर त्याचं चित्र फसवतं. आणि लिव्हरच्या गाठीत सुई घालून तुकडा काढू देऊ नका, निदान लिव्हर सर्जनने बघेपर्यंत. आतड्यातल्या गाठीचा तुकडा दुर्बिणीतून आधीच घेतलाय, सीईए वाढलेला आहे, स्कॅनमधलं चित्र नेहमीचं आहे. एवढ्यावर निदान पक्कं होतं. सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका कमी असला तरी आहे आणि बरं होण्याची शक्यता असलेल्या माणसात तो उगाच का घ्यायचा? आतड्याच्या त्याच तुकड्यावर आरएएस, बीआरएएफ आणि एमएसआय या जनुकांतले बदल शोधणाऱ्या तपासण्या करून घ्या. एमएसआय वाढलेला निघाला तर इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांची, वाट उघडते आणि सगळा बेतच बदलतो. तसे रुग्ण थोडे असतात, पण शोधल्याशिवाय सापडत नाहीत. बीआरएएफचा तो एक ठरावीक बदल असेल तर आजार आडदांड असतो आणि मोठ्या ऑपरेशनचा निर्णय जास्त जपून घ्यावा लागतो.

आधी कुठलं? घरच्यांना वाटतं मूळ आतड्यात आहे, तर आधी मूळ उपटा. ऐकायला बरोबर वाटतं. पण जिवाला धोका सहसा आतड्यातल्या गाठीपासून नसतो, लिव्हरमधल्या आजारापासून असतो. आतडं बंद पडत असेल, पोट फुगून उलट्या होत असतील, आतडं फुटलं असेल किंवा रक्त थांबतच नसेल, तर आधी आतडं, त्यात वाद नाही. गरज पडली तर शौचासाठी तात्पुरती पोटावर पिशवी. यातलं काही नसताना, आजच्यासारखं हळूहळू रक्त जात असताना, घाईने आतड्याचं ऑपरेशन उरकलं आणि जखम चिघळली की केमो दोन-तीन महिने लांबते. तेवढ्यात लिव्हरमधल्या गाठी आपलं काम करत राहतात. हिमोग्लोबिनसाठी शिरेतून लोह द्या, गरज असेल तर रक्त. 7.8वर केमोसुद्धा नीट सोसत नाही.

म्हणून वडिलांसाठी माझ्या मनात जो आराखडा येतो तो असा. आधी दोन ते तीन महिने केमो, ऑक्सॅलिप्लॅटिन असलेली नेहमीची. दर दोन महिन्यांनी स्कॅन. केमोने गाठी आक्रसतात हा एक फायदा. दुसरा, मला जास्त महत्त्वाचा वाटणारा, म्हणजे आजाराचा स्वभाव कळतो. केमो चालू असतानाच गाठी वाढत असतील, नव्या येत असतील, तर लिव्हर कापून फार काही साधणार नसतं, आणि हे ऑपरेशनच्या आधी कळलेलं बरं.

पण केमो किती हे ठरवून घ्या. इथेच ती दारं बंद होतात. ऑक्सॅलिप्लॅटिनने लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, पोट उघडल्यावर लिव्हर निळसर दिसतं. इरिनोटेकॅन या केमोच्या दुसऱ्या औषधाने चरबी आणि सूज वाढते. बारा सायकल झालेलं लिव्हर आणि चार सायकल झालेलं लिव्हर यांत हाताला फरक कळतो. दुसरा घोळ असा की जास्त केमोने छोट्या गाठी स्कॅनवरून नाहीशा होतात. घरी पेढे वाटले जातात. सर्जन मात्र पेचात, कारण न दिसणाऱ्या गाठींपैकी बऱ्याचशा जागांत जिवंत पेशी असतात आणि आता कापायचं कुठे तेच कळत नाही. वडिलांची डावीकडची दीड सेंटिमीटरची गाठ नेमकी याच गटातली. म्हणून केमोआधीचा एमआरआय हवा, म्हणून दोन-तीन महिन्यांतच थांबून विचार हवा. केमो संपल्यावर ऑपरेशनआधी चार ते सहा आठवडे लिव्हरला सावरायला द्यायचे. केमोसोबत बेव्हॅसिझुमॅब हे गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध दिलं असेल तर त्याच्या शेवटच्या डोसनंतर सहा आठवडे, नाहीतर रक्तस्राव आणि न भरणाऱ्या जखमा. केमोला जोडून देतात ते सेटुक्सिमॅबही चांगलं औषध आहे, पण गाठी सहज निघण्यासारख्या असताना ते केमोत घातल्याने ब्रिटनमधल्या न्यू ईपीओसी चाचणीत रुग्णांचा तोटाच दिसला. महाग औषध म्हणजे जास्त चांगलं, हे इथे खरं नाही.

केमोने गाठी दबल्या असं धरू. मग दोन टप्पे. पहिल्या ऑपरेशनमध्ये सिग्मॉइडचा भाग काढायचा आणि त्याच वेळी डावीकडची छोटी गाठ काढायची किंवा मायक्रोवेव्हची सुई घालून जाळायची. डावी बाजू आता स्वच्छ. मग काही दिवसांनी रेडिओलॉजिस्ट कातडीतून सुई घालून लिव्हरच्या उजव्या बाजूला जाणारी पोर्टल व्हेनची शाखा आतून बंद करतात. कापाकापी नाही, दोन दिवसांत घरी. सगळं रक्त डावीकडे वळतं आणि चार ते सहा आठवड्यांत डावी बाजू वाढते. ही युक्ती 1980च्या दशकात जपानी सर्जननी रुजवली आणि काठावरच्या कितीतरी रुग्णांना तिने ऑपरेशनच्या आवाक्यात आणलं. डावीकडची गाठ आधी का काढायची? कारण हे वाढीचं खत गाठीलाही मिळतं. पुन्हा आकार मोजायचा. डावी बाजू नीट वाढली असेल तर दुसरं ऑपरेशन, उजवी बाजू पूर्ण. वाढलीच नाही तर थांबायचं. जे लिव्हर आत्ता वाढायला तयार नाही ते मोठ्या ऑपरेशननंतरही वाढणार नाही, आणि ते टेबलावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं परवडतं.

एमआरआय बघून हा बेत पार बदलूही शकतो. उजवीकडच्या तीन गाठी मोठ्या शिरांपासून लांब असतील तर अख्खी उजवी बाजू घालवायची गरजच नाही. एकेक गाठ भोवतालच्या थोड्या भागासकट काढता येते, एकाच ऑपरेशनमध्ये. जमत असेल तिथे मी हीच पद्धत पसंत करतो. आजार परत येण्याची शक्यता मोठी असताना लिव्हर राखून ठेवलेलं असलं की पुन्हा ऑपरेशन करता येतं. आतडं आणि अर्धं लिव्हर एकाच दिवशी काढणं काही ठिकाणी करतात. साखर असलेल्या, फेणी घेणाऱ्या 61 वर्षांच्या माणसात मी करणार नाही.

ऑपरेशन कसं असतं ते तुम्ही विचारलं नाहीत, पण आईंना रात्री झोप लागत नाही असं लिहिलंय, म्हणून. उजव्या बरगड्यांखाली मोठा आडवा छेद. पोट उघडल्यावर आधी लिव्हरवर थेट सोनोग्राफीचा प्रोब ठेवून सगळ्या गाठी पुन्हा शोधतात. कापताना लिव्हरकडे येणारं रक्त पंधरा मिनिटं अडवायचं, पाच मिनिटं सोडायचं. ग्लासगोच्या प्रिंगलने 1908 साली सांगितलेली ही रीत अजून चालते. भूलतज्ज्ञ शिरांतला दाब मुद्दाम कमी ठेवतात आणि रक्तस्राव कमी होण्याचं निम्मं श्रेय त्यांचं असतं, जरी पेढे आम्हाला मिळतात. चार ते सहा तास लागतात. एक-दोन दिवस आयसीयू, सगळं सुरळीत असेल तर आठ-दहा दिवसांत सुटका. छोट्या भागांसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, दुखणं कमी, घरी लवकर. कॅन्सरच्या निकालात फरक पडत नाही. मोठं अर्धं लिव्हर दुर्बिणीतून काढायचं असेल तर ते नेहमी करणारा हातच पाहिजे.

धोका किती? अनुभवी केंद्रात या ऑपरेशनमध्ये मृत्यूचं प्रमाण शंभरात एक ते तीन, अर्धं लिव्हर काढताना त्याहून थोडं जास्त. पित्त गळणं, पोटात पू साठणं, छातीत पाणी, पायात रक्ताची गुठळी हे होतं आणि बहुतेक वेळा नळी घालून, औषधांनी निभावतं. खरी भीती उरलेलं लिव्हर न चालण्याची. पाचव्या दिवशीचं बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि रक्त गोठण्याची तपासणी काय म्हणते इकडे आम्ही डोळे लावून असतो. दोन्ही खाली येत असतील तर घाट उतरलो. लिव्हर आकाराने दोन-तीन महिन्यांत बरंचसं भरून येतं. पहिल्यासारखं दिसत नाही, काम मात्र करतं.

नंतर उरलेली केमो, आधीची आणि नंतरची मिळून साधारण सहा महिने. हिच्याबद्दल खरं सांगायचं तर, आजार परत यायचा काळ थोडा लांबतो हे चाचण्यांत दिसलं आहे. माणूस एकूण जास्त जगतो हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. म्हणून ऑपरेशननंतर अशक्त झालेल्या माणसाच्या मागे मी केमोसाठी हात धुऊन लागत नाही. दर तीन महिन्यांनी सीईए, पहिली दोन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन, वर्षाने आतड्याची दुर्बीण. परत आला आणि पुन्हा लिव्हरपुरताच असेल तर दुसऱ्यांदाही काढता येतो, निकालही पहिल्याच्या जवळपास मिळतात.

दोन नव्या गोष्टी तुमच्या कानावर येतील. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी सुईने जाळणं ऑपरेशनच्या तोडीचं ठरतं, असं नेदरलँड्समधल्या कोलिजन चाचणीने 2024 साली दाखवलं. वडिलांच्या साडेचार सेंटिमीटरच्या गाठीला ते लागू नाही, छोट्या गाठींना लागू आहे. दुसरी, लिव्हर प्रत्यारोपण. 2024 सालीच फ्रान्समधल्या ट्रान्समेट चाचणीत, कधीच कापता न येणारा पण फक्त लिव्हरपुरता आजार असलेल्या, फार कसोशीने निवडलेल्या रुग्णांत पाच वर्षांचं आयुष्य केमोच्या 13 टक्क्यांवरून 57 टक्क्यांवर गेलं. थक्क करणारा निकाल आहे. पण ते रुग्ण वेगळे. ज्याच्या गाठी कापून निघू शकतात त्याने आज प्रत्यारोपणाच्या मागे धावू नये.

काकांना काय सांगायचं? त्यांनी पाहिलेलं खोटं नसतं. पूर्वी पोट उघडायचं, आत सगळीकडे आजार दिसायचा, तसंच बंद करायचं, आणि माणूस दोन महिन्यांत जायचा. लोकांनी दोष सुरीला दिला. आजार आधीच पसरलेला होता, बघायला स्कॅन नव्हते. आज उलट स्थिती आहे. फुप्फुसात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरलेला आजार, केमोला न जुमानणारा आजार, लिव्हरच्या सगळ्या शिरांना वेढलेला आजार, किंवा दोन जिने चढताना दम लागणारं हृदय असेल तर आम्हीच ऑपरेशन नको म्हणतो. तेव्हा काकांना सर्जनच्या भेटीला बरोबर न्या. बाहेर राहून विरोध करणारा नातेवाईक आत बसून स्कॅन बघतो तेव्हा बराच निवळतो.

गोवा की बाहेर, याचं एकच उत्तर नाही, कारण हा उपचार तुकड्यांत होतो. केमो घराजवळ घ्या. दर दोन-तीन आठवड्यांनी मुंबई करणं रुग्णाला आणि खिशाला झेपत नाही, आणि तेच औषध तेच असतं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजमध्ये, आधी दाखवा. स्कॅनचे नुसते रिपोर्ट नव्हे, सीडी किंवा पेन ड्राइव्ह प्रत्येक वेळी मागून घ्या. पांढऱ्या कागदावरच्या चार ओळींवरून कुठलाही लिव्हर सर्जन बेत करत नाही. दुसरं मत परळच्या टाटा हॉस्पिटलचं किंवा जिथे लिव्हरचं काम चालतं अशा मोठ्या केंद्राचं घ्या, आणि पहिल्या डॉक्टरांना सांगून घ्या. लपवायचं कारण नाही. ऑपरेशन कुठेही करा, सर्जनला हे विचारा: वर्षाला लिव्हरची किती ऑपरेशनं होतात, पोर्टल व्हेन बंद करणारा रेडिओलॉजिस्ट त्याच इमारतीत आहे का, रात्री दोन वाजता पित्त गळायला लागलं तर कोण येतं, आणि केमोचे डॉक्टर, सर्जन, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून केस ठरवतात का. शेवटच्या प्रश्नाला “हो, दर आठवड्याला” असं उत्तर आलं तर ती जागा चांगली.

खर्चासाठी गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढलेलं असेलच. 2016 साली सुरू झालेल्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्डाचं नूतनीकरण झालंय का ते आज बघा. दोन टप्प्यांतली ऑपरेशनं आणि केमो एकाच वर्षात आली तर रक्कम कुठे कशी लागेल याचा हिशेब योजनेच्या खिडकीवर आधी मांडून घ्या, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नव्हे. आणि बाहेरगावी ऑपरेशन झालं तर सुटका झाल्याच्या संध्याकाळीच स्लीपर बस पकडू नका. पित्त गळणं आणि पू कधीकधी दुसऱ्या आठवड्यात कळतं. रुग्णालयापासून अर्ध्या तासावर आणखी दहा-बारा दिवस राहायची सोय करा. गुठळी होऊ नये म्हणून पोटात घ्यायचं इंजेक्शन सहसा चार आठवडे असतं, ते वाटेत बुडवू नका.

मधल्या महिन्यांत घरी काय? रोज चालणं, पहिल्या आठवड्यात अंगणात, मग देवळापर्यंत, मग चढावर. तीन महिन्यांची केमो म्हणजे ऑपरेशनची तालीम करायला मिळालेला वेळ. जेवणात अंडी, मासे, डाळी वाढवा. कॅन्सर आहे म्हणून मासे बंद करून नुसत्या पेजेवर ठेवलेली माणसं मला दर महिन्याला दिसतात, आणि ऑपरेशननंतर त्यांच्याच जखमा भरत नाहीत. सिगारेट-विडी असेल तर ती पण आजच गेली. गावठी औषध, काढे, पानांचे रस हे सगळं थांबवा, चांगल्या हेतूने दिलेलं असलं तरी. त्यातल्या कशाने लिव्हर सुजतं हे आधी कळत नाही, आणि केमोत लिव्हरचे आकडे वाढले की दोष कुणाचा तेही कळत नाही.

शेवटचं तुमच्याबद्दल. तुम्ही आणि तुमचे दोन भाऊ, तिघांनीही चाळिशीला आतड्याची दुर्बीण करून घ्यायची, आणि धाकट्या भावाला आत्ताच शौचातून रक्त जातं असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, त्याने चाळिशीची वाट न बघता याच महिन्यात. मुळव्याध असेल तर मुळव्याध निघेल.